माझे रिकामे कोंदण

मी एक जुनी अंगठी आहे. अंगात सोने थोडे, झीज फार. मधोमध खड्यासाठी कोंदण आहे, पण त्यात खडा नाही. मित्रांनो, मला पाहून तुम्हाला हसू येईल. या, खुशाल हसा. पण कोंदणात खडा होता तेव्हा मी जास्त हसण्याजोगी होते, तेही ऐकून घ्या.

माझा जन्म सालेकसाच्या एका सोनाराकडे झाला. प्रेमिला नावाच्या बाईने तेंदूपत्त्याच्या मजुरीतून मला घडवून घेतले. भर उन्हाळ्यात पहाटे जंगलात जायचे, पाने तोडायची, दुपारभर पुडे बांधत बसायचे. ते सोने तिच्या घामाचे होते. कोंदणात तिने लाल काच बसवून घेतली. काचेला तिने कधी माणिक म्हटले नाही. धानाच्या रोवणीच्या चिखलात मी तिच्याबरोबर बुडाले, मोहफुले वेचताना तिच्या बोटात होते. "प्रेमिलाबाई, अंगठी शोभून राहिली बरं," असे कोणी म्हटले की मी फुलून जाई.

प्रेमिला गेली आणि तिचा मुलगा बकाराम याने मला एका स्टीलच्या डबीत ठेवून दिले. बकाराम गोंदियाजवळ कुडव्याला राहतो, राइस मिलमध्ये मशीन चालवतो. त्या डबीत बंद पडलेल्या घड्याळाशेजारी मी वर्षानुवर्षे पडून होते. मग त्याच्या मुलीचे, आचलचे, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला.

"मायची अंगठी पोरीच्या बोटात घालीन, पण काच नाई ठेवत," असे म्हणून बकारामने मला गोंदियाच्या बाजारात नंदलाल शेठच्या दुकानात नेले. आचल सोबत होती. शेठने मखमलीवर एक माणिक ठेवले.

"बर्मा का है. एकदम असली."

बकाराम तिथेच विरघळला. हे घर बौद्धांचे. ग्रहांचे खडे वगैरे हे लोक मानत नाहीत. पण खडा बुद्धाला मानणाऱ्या देशातला म्हटल्यावर बकारामला ती खरेदी वाटेना, पुण्य वाटू लागले.

"तिकडं तं लढाई चालू हाये ना?" आचलने विचारले.

"तभी तो माल कम आ रहा है, बेटी. आज ले लो, कल नहीं मिलेगा."

आचलने मखमलीवरून नजर काढून घेतली. बकाराम मात्र खूश झाला. दुर्मीळ वस्तू हाती लागली होती ना! कारागिराने माझी काच चिमट्याने उपटली आणि केरात टाकली. खोटे कशाला सांगू, मला वाईट वाटले नाही. शेजारणी आचलचे बोट धरून मला निरखू लागल्या आणि मी सातव्या आसमानात गेले.

साक्षगंधाच्या आधी बकारामने एका भंतेजींना, बौद्ध भिक्खूंना, भोजनदानाला बोलावले. ते म्यानमारचे, म्हणजे त्याच बर्माचे. नागपुरात शिकत होते, मोडकीतोडकी हिंदी बोलत. आचल त्यांना भात वाढत होती. बकारामला राहवले नाही.

"भंतेजी, हा खडा पाहा. तुमच्याच देशातला हाये. बुद्धाच्या देशातला!"

भंतेजींचा घास हातातच राहिला.

"हमारे गाँव के पास खदान है," ते हळूच म्हणाले. "भाई का लड़का उधर मिट्टी धोता था. फौज ने खदान लिया, लड़के को भी ले गया. फिर गाँव जला दिया. बंदूक का पैसा इसी पत्थर से आता है."

बकारामचा उतरलेला चेहरा पाहून भंतेजींनाच वाईट वाटले. "आपको मालूम नहीं था," ते म्हणाले. पानातले अन्न त्यांनी संपवले, सगळ्यांसाठी मंगल गाथा म्हटल्या आणि ते गेले.

मालूम नव्हते? मित्रांनो, मालूम होते. दुकानात, माझ्या देखत, आचलने विचारले होते आणि शेठने सांगितले होते. लढाई आहे म्हणून भाव आहे, हे ऐकूनच तर खडा आवडला होता. भंतेजी रागावले असते तर बरे झाले असते. त्यांच्या त्या एका वाक्याने मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आणि खडा तर माझ्याच कोंदणात घट्ट बसलेला. मला तो सोडताही येईना.

दुसऱ्या दिवशी आचल म्हणाली, "बाबा, खडा काढून घेतो मी."

"आता पैसे तं गेले. काढून का होते? अन् साक्षगंधात पाहुण्यांपुढं रिकामी अंगठी? माही इज्जत?"

"बोटात राहिला तं लोक विचारतीन, कुठचा हाये. आपण सांगू, बर्माचा. मंग आणखी कोणी जाईन घ्यायले."

"मंग शेठले वापस देऊ."

"तो दुसऱ्याले विकन."

बकारामने स्टीलची डबी आणून तिच्यापुढे ठेवली. खडा कागदाच्या पुडीत बांधून डबीत गेला, बंद घड्याळाशेजारी, माझ्या जुन्या जागी.

साक्षगंधाच्या दिवशी मंडप भरला होता. नवऱ्या मुलाची आई रेणूबाई आचलचा हात हातात घेऊन मोठ्याने म्हणाली, "अवो, खडा पडला वाटते!" सगळ्या माना वळल्या. आचलने तोंड उघडले, पण त्याआधी बकाराम उभा राहिला.

"पडला नाई, काढला. मीच घेतला होता. पोरीनं दुकानात विचारलं होतं, मी ऐकलं नाई." मग त्याने खदानीची, जळलेल्या गावाची आणि त्या मुलाची गोष्ट सांगितली. सांगताना तो एकदाही मान वर करू शकला नाही. रेणूबाईने आचलचा हात सोडला नाही, एवढेच मला आठवते.

मित्रांनो, कोणतीही सुंदर वस्तू घेताना ती कोणाच्या हातून, कोणाच्या घरावरून आली, हे विचारा. आणि उत्तर मिळाले, तर ते ऐका. आम्ही ऐकले नाही, एवढेच आमचे चुकले आणि तेवढे पुरे झाले.

आता माझ्या उघड्या कोंदणाच्या कडा आचलच्या ओढणीत अडकतात. सोनाराकडून घासून सपाट करून घे, असे बकाराम तिला अधूनमधून म्हणतो. ती ओढणी सावकाश सोडवते आणि म्हणते, "अडकू द्या, बाबा."