घासलेला तवा

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा तवा आहे, पण आज मला पाहिलेत तर तुम्ही नवा समजाल. हे असे कसे झाले, तेच सांगायचे आहे.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते कोणी ठोकून वाकवत नाही. भट्टीत वितळवतात आणि वाळूच्या साच्यात ओततात. मलाही तसेच ओतले. पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये माझ्यासारखे पुष्कळ जण निवत पडलेले होते. एका कारागिराने माझ्या कडा घासल्या. दांड्याखाली एक बारीक खडबडीत फोड राहिला होता, तो त्याच्या नजरेतून सुटला. त्याने मला पुढे सरकवले. माझ्या जन्माची हकिकत एवढीच. तेव्हा मी राखाडी होतो. नवे बीड राखाडीच असते. त्याला वास नसतो, आणि त्याच्यावर जे टाकाल ते चिकटून बसते.

भांड्यांच्या दुकानात मी तळाच्या फळीवर होतो. गिऱ्हाईक मला उचलायचे आणि "बाप रे" म्हणून परत ठेवायचे. एके दिवशी एक उंच बाई आली. तिने मला एका हाताने उचलले.

"जड आहे हो तो," दुकानदार म्हणाला. "मनगट दुखेल."

"मनगटाचं मी बघते. तुम्ही बांधा."

ती ताई. एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात ती स्वयंपाकीण होती. दिवसभर रुग्णांसाठी बिनमिठाचे, बिनतिखटाचे शिजवायची आणि घरी आली की त्याचा सूड उगवायची. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. तिथे ती आणि तिची धाकटी बहीण राहायच्या. धाकटी विम्याच्या कचेरीत पत्रे लिहायची. तिला गॅस पेटवण्यापलीकडे स्वयंपाकातले काही येत नव्हते, आणि त्याचे तिला काही वाटतही नव्हते.

ताईने मला वापरात घेतले. गरम पाणी, जाडे मीठ, फडके. मग आचेवर कोरडे करायचे आणि तेलाचा थेंब टाकून पुसत राहायचे, बोटाला तेल लागेनासे होईपर्यंत. रोज रात्री जेवणे झाली की हेच. कांदे, बटाटे, अंडी, मासे, पालेभाजी, सगळे माझ्यावर झाले. हळूहळू माझा रंग बदलला. आधी तपकिरी, मग गडद, मग काळा कुळकुळीत. अंडे माझ्यावरून घसरायला लागले. मित्रांनो, हा काळेपणा मळाचा नसतो. तेल आचेवर भाजून लोखंडात मुरते, थरावर थर बसतात, त्याचा तो रंग असतो.

धाकटीच्या मनात आले की ताई जे करते ते लोकांना सांगावे. तिने ब्लॉग सुरू केला. ताई शिजवायची आणि बोलायची, धाकटी फोटो काढायची आणि लिहायची.

"हात काढ गं मधून."

"अगं, निवतंय ते! फोटोला वास येतो का?"

"एक मिनिट."

"तुझ्या एका मिनिटात भात थिजतो."

प्रत्येक फोटोत मी असायचो. वाचकांनी माझे नाव काळेसाहेब ठेवले. "काळेसाहेबांना नमस्कार" असे लिहून यायचे. ताई मला पुसताना म्हणायची, "घ्या साहेब, लोक चौकशी करतायत." मला कसे पुसायचे, तेल कसे लावायचे, माझ्या दांड्याखाली फोड आहे, हेही धाकटीने एकदा लिहिले. "साबण लावलात तर काळेसाहेब तोंड फिरवतील," असे त्यात होते. ते लोकांनी सगळ्यात जास्त वाचले. ती माझी चांगली वर्षे.

मग ताई आजारी पडली. जिथे ती स्वयंपाक करायची त्याच हॉस्पिटलात तिला ठेवले. धाकटी रात्री घरी यायची, चहा करायची, बिस्किटे खायची. एकदा ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "तिथलं जेवण खाते आणि म्हणते, मीच शिजवलंय की काय हे." त्यानंतर थोड्याच दिवसांनी ताई गेली. मी गॅसच्या मागल्या शेगडीवर होतो. थंड होतो.

लोखंडाला दुःख होते की नाही, मला माहीत नाही. मला काही झाल्याचे आठवत नाही. माझ्यावर धूळ बसली. धाकटी कचेरीत जायची, परत यायची. ओट्याकडे यायची ती पाण्यासाठी.

ब्लॉग मात्र चालू राहिला. ताईने करून ठेवलेल्या पदार्थांचे पुष्कळ फोटो तिच्याकडे शिल्लक होते. दर आठवड्याला ती एक टाकायची. ताई गेली हे तिने लिहिलेच नाही. वाचक लिहायचे, "ताईंना सांगा, फार छान झालं." ती उत्तर द्यायची, "सांगते."

ब्लॉगला दहा वर्षे होणार होती. भांडी बनवणाऱ्या एका कंपनीने वाचकांना वाटायला भांडी पाठवली. खोक्यांनी जेवणाचे टेबल भरून गेले. चकचकीत पातेली, काचेची झाकणे, रंगीत दांड्यांचे झारे. धाकटीने ती मांडली. मग काय मनात आले कुणास ठाऊक, तिने मला उचलले, फडक्याने धूळ झटकली आणि त्यांच्या मधोमध ठेवून फोटो काढला. खाली लिहिले, "दहाव्या वाढदिवसाची भेट. तुमचा सगळ्यात फसलेला पदार्थ कळवा. चिठ्ठ्या टाकून भांडी वाटू. पहिल्या चिठ्ठीला काळेसाहेब."

लोक चकित झाले. "ताई तयार झाल्या?" असे कितीतरी जणांनी विचारले. ती प्रत्येकाला "हो" म्हणाली. मला वाटते, तिला ते घर रिकामे करायचे होते. मी गेलो असतो तर त्या ओट्यावर ताईचे असे काही उरले नसते, आणि मग कदाचित तिने ओट्याकडे बघणेही सोडले असते.

फसलेल्या पदार्थांच्या हकिकती आल्या. कुणी मिठाऐवजी धुण्याची पावडर टाकली होती. कुणाचा कुकर फुटून रस्सा छताला लागला होता. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी लिहिले होते की, बटाटे उकडत ठेवून त्या दवाखान्यात उतरल्या आणि विसरल्या. आगीचा बंब आला. बंबवाल्यांपैकी एकाची दाढ दुखत होती, ती त्यांनी तिथेच काढून दिली. धाकटीने हे सगळे वाचले. पूर्वी ती अशा गोष्टी ताईला मोठ्याने वाचून दाखवायची आणि दोघी ओट्याला धरून हसायच्या. आता ती वाचत होती आणि पुढे जात होती. पहिली चिठ्ठी डॉक्टरीणबाईंची निघाली. "मी स्वतःच येते न्यायला," त्यांनी कळवले.

त्या यायच्या आदल्या दिवशी धाकटीने मला बेसिनमध्ये घेतले. दुसऱ्याच्या घरी जायची वस्तू, ती स्वच्छ करून द्यावी, असे तिला वाटले असणार. साबण घेतला, तारेची घासणी घेतली, उकळते पाणी ओतले. पाणी काळे निघाले. तिला वाटले, किती हा मळ. ती आणखी जोरात घासू लागली. काळे पाणी येतच राहिले आणि ती घासतच राहिली. ताई गेल्यापासून तिचा हात एवढा कशालाच चालला नव्हता. थांबली तेव्हा मी राखाडी झालो होतो. साच्यातून निघालो तेव्हा होतो, तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटा वाजली. दारात एक ठेंगणी, गोल बाई उभी होती. हातात लोकरीची शाल होती, मला गुंडाळून न्यायला.

"मी बटाटेवाली. आगीच्या बंबवाली! ताई कुठायत? आधी त्यांना भेटते, मग साहेबांना."

"हा घ्या," असे म्हणून धाकटीने मला पुढे केले.

बाईंनी पाहिले. "हा कोण?"

"काळेसाहेब."

"चेष्टा करता का? अहो, द्यायचा नसेल तर तसं सांगा, मी राग नाही मानणार. पण भलताच तवा नका हो माझ्या गळ्यात मारू."

"तोच आहे. दांड्याखाली फोड आहे, बघा."

बाईंनी मला उलटे केले. फोडावरून बोट फिरवले.

"घासला तुम्ही?"

"काल. साबणानं. स्वच्छ करून द्यावा म्हटलं."

"साबणानं!" त्या खुर्चीत बसल्या. "तुम्हीच लिहिलंय ना हो, साबण लावलात तर तोंड फिरवतील म्हणून? मी पेशंटला आ करायला लावून वाचलंय ते! दिवसभर मी लोकांचे दात खरवडते बाई, पण इतकं मुळापर्यंत कधी नाही खरवडलं."

"लिहिलं होतं," धाकटी म्हणाली. "ताई सांगायची, मी लिहायचे."

"मग ताईंनी हे होऊ कसं दिलं? बोलवा त्यांना."

लिफ्ट बंद आहे हे सांगावे तशा आवाजात धाकटी म्हणाली, "ताई नाही. गेली. वर्ष होत आलं."

"पण... मी तर परवाच लिहिलं होतं, ताईंना सांगा म्हणून. तुम्ही म्हणालात, सांगते."

"हो."

"कुणाला सांगत होता?"

धाकटीने माझ्याकडे पाहिले. मग तिने विचारले, "तो मळ नव्हता का? काळा?"

"तेल होतं गं ते." बाई एकदम एकेरीवर आल्या. "रोज लावलेलं. त्यांनी लावलेलं."

धाकटीने माझ्यावर तळहात ठेवला. "म्हणजे तो तिचा होता. आणि मी तो मोरीत..." वाक्य तिथेच राहिले. तळहात उलटा करून बघत ती म्हणाली, "मला रडू येत नाही हो. तेव्हाही नाही आलं. आत्ताही येत नाहीये. हे बरोबर नाही ना?"

"भूल दिली की माणसाला वाटतं, आपला ओठ जागेवर नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा चाचपून बघतात. असतो तो. उतरायला वेळ लागतो, कुणाला कमी, कुणाला जास्त." मग त्यांनी मला टेबलावर ठेवले. "हा मी नेणार नाही."

"तुमचं बक्षीस आहे."

"बक्षीस काळं होतं. फोटो आहे माझ्याकडे. मला काळाच पाहिजे."

"आता कुठून आणू काळा?"

"कर."

"मला स्वयंपाक येत नाही."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. "दहा वर्षं मी हिच्याकडून स्वयंपाक शिकतेय!"

"ताईकडून."

"ताईंचा आवाज मी कधी ऐकला नाही. मी वाचून शिकले. तुझंच वाचून. तूही वाच."

त्यांनी खिडकी उघडली. मला आचेवर ठेवले. तेल लावले, धूर निघाला, पुसले, पुन्हा लावले. सांगत बाई होत्या, करत धाकटी होती. एवढ्या महिन्यांनी मी तापलो. मग तिने अंडे फोडले. ते चिकटले. उलटायला गेली तर फाटले. अर्धे जळले, अर्धे कच्चे राहिले. चमच्याने खरवडून दोघींनी ते माझ्यातूनच खाल्ले.

"मीठ?" बाई म्हणाल्या.

"राहिलं."

"हरकत नाही."

"हॉस्पिटलचं लागतंय," धाकटी म्हणाली, आणि घास तोंडात तसाच धरून खिडकीबाहेर बघत राहिली. रडली नाही. पण तिने तो घास गिळला आणि आणखी एक घेतला.

त्या संध्याकाळी तिने ब्लॉगवर लिहिले, "ताई गेली. मी तुम्हाला सांगितलं नाही. काळेसाहेब मी साबणानं घासले. पहिलं बक्षीस द्यायला उशीर होईल." खाली खूप लोकांनी लिहिले. तिने कुणालाच उत्तर दिले नाही, पण सगळे वाचले.

आता ती रोज काहीतरी करते. बहुतेक अंडे, कधी कांदा-बटाटा. तेल जरा जास्तच घालते. खाताना तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. पण जेवण झाल्यावर ती मला गरम पाण्याने धुते, कोरडा करते आणि पुसते. तिचा हात ताईसारखा नाही. घाईचा आहे, कडेला पोचत नाही. माझ्या मध्यावर चहाच्या डागासारखा फिकट तपकिरी रंग धरला आहे. तो ताईचा रंग नाही. तो परत येणार नाही. सुट्टीच्या दिवशी डॉक्टरीणबाई येतात, माझ्यावरून बोट फिरवतात आणि म्हणतात, "छे, अजून कच्चा आहे." धाकटी म्हणते, "बरं." मग दोघी जेवायला बसतात. मी काळा झाल्यावर कुणाकडे असेन, हे मला माहीत नाही. त्यांनीही अजून ते बोलून घेतलेले नाही.

मित्रांनो, ज्या घरातले माणूस गेले आहे, त्या घरातली भांडी घासायची घाई करू नका. जो मळ वाटतो, तो कुणाचा तरी हात असू शकतो. आधी विचारा. सांगणारे कुणी नसेल तर थोडे थांबा. आणि घासले गेलेच, तर ते भांडे कुणाला देऊन टाकू नका. त्याला आचेवर ठेवा, आणि त्यात स्वतःपुरते काहीतरी शिजवा. पहिल्यांदा चिकटेल. तरी खा.