वर टांगलेली 'खाली' पाटी

मी पाटी बोलतेय. माझ्यावर फारसं काही लिहिलेलं नव्हतं, तरी त्यातल्या एका शब्दानं पुष्कळ गोंधळ घातला.

धारवाडात एका घराच्या वरच्या मजल्याच्या कठड्याला मी टांगलेली होते. तो मजला स्मृतीनं आणि तिच्या नवऱ्यानं, सुमंतनं, भाड्यानं द्यायला म्हणून विकत घेतला. हट्ट तिचा. ती राहायला हुबळीत, कडेवर लहान लेक, आणि डोक्यात एकच घोर: भाडेकरू मिळेल का? आणि मिळाला तर कसला मिळेल?

"दिवाळीपर्यंत कोणी आलं नाही तर विकून टाकू," सुमंत म्हणाला. तसा तो गरीब स्वभावाचा. पण हे त्यानं इतकं सहज म्हटलं की तिचा चहा गार झाला.

मग तिनं प्लायवूडच्या तुकड्यावर मला रंगवलं. आधी कानडीत 'मने खाली इदे', त्याखाली मराठीत 'घर खाली आहे'. कानडीत खाली म्हणजे रिकामं, आणि तिच्या तोंडी तेच बसलेलं. फोन नंबर मात्र लिहिला नाही. "कोण कोण फोन करील, काय सांगावं!" त्यापेक्षा दर रविवारी येऊन बसायचं ठरवलं.

झालं काय, कानडी वाचणारे वर चढायचे आणि कुलूप बघून परतायचे. मराठी वाचणारे सरळ तळमजल्यावर, वेणूबाईंच्या दारात. खाली लिहिलंय ना!

"अजून जिवंत आहे मी! माझं घर मिळतंय म्हणून कुणी सांगितलं?" वेणूबाई कडाडायच्या. माणसं फाटकाबाहेर. शरमेनं माझा रंग उडायचाच बाकी होता.

एका रविवारी दीपाली आली. ती हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत शिक्षिका, नवरा धारवाडच्या पलीकडे, बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात. दोघांना मध्ये पडेल असं घर हवं होतं. तिलाही वेणूबाईंनी झापलं. पण ती पळाली नाही. मान वर करून तिनं मला वाचलं आणि खळखळून हसली. "अक्का, तुमचं बरोबर आहे. ही पाटीच वर लटकून खाली म्हणतेय!"

आवाज ऐकून स्मृती जिन्यातून धावत आली. "अय्यो, हे मीच लिहिलंय!"

भाडेकरूला काय काय विचारायचं ते तिनं घोकून ठेवलं होतं. सगळं विसरली. प्रश्न दीपालीनंच विचारला, "नळाला पाणी किती दिवसांनी येतं?"

स्मृती वेणूबाईंकडे बघू लागली. घर घेताना फरशी बघितली, ऊन बघितलं, पाण्याचं विचारायचं राहूनच गेलं.

"आठवड्यानं येतं," उत्तर वेणूबाईंनी दिलं. "पण टाकी मोठी आहे. मालकीण भित्री आहे, पण वाईट नाही. घे घर."

दसऱ्याला दीपालीचं सामान आलं. गडबडीत मला उतरवायचं राहिलं, त्यामुळे वेणूबाईंना आणखी काही दिवस पाहुणे. मग स्मृती आली. पर्समधून दुसरी किल्ली काढली, तिच्याकडे बघितलं, परत आत ठेवली आणि बेल वाजवली.

"कोण?"

"मीच. येऊ का आत?"

चपला बाहेर काढून ती परक्या घरात यावं तशी आली आणि मला सोडवून घेऊन गेली.

आता मी हुबळीत तिच्या माळ्यावर आहे. बाकीच्या वस्तू म्हणतात, आम्हाला वापरा, आम्हाला टाकू नका. माझं मागणं उलटं आहे. वरचं घर भरलेलं राहू द्या, मला धूळ खाऊ द्या. स्मृतीनं मला साफ विसरून जावं, एवढीच माझी इच्छा आहे.