त्रेपन्न हजार नऊशे

तीस मार्चला, सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी नागनाथच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. पगार जमा: त्रेपन्न हजार नऊशे. तो एक लाख अठ्ठावीस हजारांची वाट पाहत होता.

बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तो तयार मालाची तपासणी करायचा. हातातलं काम टेबलावर ठेवून त्याने मेसेज पुन्हा वाचला. मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे देवाप्पा बसायचा. महिन्यापूर्वी देवाप्पालाही असाच अर्धवट पगार आला होता. दुपारी त्याला वर बोलावलं आणि संध्याकाळी त्याचं ओळखपत्र गेटवर जमा झालं. त्याच आठवड्यात आणखी दोघे गेले. दोघांनाही आधी पगारावरूनच कळलं.

नागनाथने कुणालाही काही विचारलं नाही. विचारलं तर आपलं नाव वरच्यांच्या लक्षात येईल, असं त्याला वाटलं.

साडेअकराला बायकोचा, रंजिताचा फोन आला.

"अहो, पगार झाला न्हवं? टेम्पोवाला दोन हजार आगाऊ मागायलाय."

"बघतो."

"बघतो काय? झाला का नाही?"

"झाला."

"मग आवाज असा का?"

"मशीन चालू आहे," तो म्हणाला. मशीन बंद होतं.

चंदापूरचं भाड्याचं घर त्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सोडायचं होतं. पहिल्या तारखेला तिथे दुसरं कुटुंब येणार होतं. जे. पी. नगरमधल्या नव्या घराचं डिपॉझिट दीड लाख. पन्नास हजार दिले होते, उरलेले एक लाख देऊन किल्ली घ्यायची होती. नाही दिले तर आधीचे पन्नासही परत मिळणार नव्हते. बँकेत त्या सकाळपर्यंत अकरा हजार होते.

दुपारी डबा न उघडताच त्याने परत ठेवला. सुपरवायझरच्या टेबलावरचा फोन वाजला की तो मान खाली घालायचा. तीन वाजून चाळीस मिनिटांनी सुपरवायझरने हाक मारली.

"नागनाथ, वर बोलावलंय. पगार विभागात."

जिन्यात त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून हातात घेतलं.

पगार विभागातली श्वेता पुण्याची. ती त्याच्याशी मराठीतच बोलायची.

"बसा ना सर. कार्ड का काढलंत?"

"द्यायचं असेल म्हणून."

"कुणाला? अहो, टॅक्ससाठी बोलावलंय. मार्चमध्ये ज्यांचा पन्नास हजारांच्या वर कापला जातो, त्यांना मीच बोलावते. नाहीतर एक तारखेला सगळे माझ्यावर ओरडतात."

तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. सप्टेंबरपर्यंत तो जुन्या कंपनीत होता, महिना पंच्याण्णव हजार. ऑक्टोबरपासून इथे, एक लाख तीस हजार. ऑफर आली तेव्हा त्याने मोबाइलवर हिशोब केला होता. जुन्या सहा महिन्यांचा वेगळा, नव्या सहा महिन्यांचा वेगळा. दोन्ही वेळा कर शून्य आला होता. पीएफ आणि व्यवसाय कर वजा करून हातात एक लाख अठ्ठावीस हजार. तेवढेच दर महिन्याला येत गेले. जानेवारीत कंपनीने जुन्या पगाराची माहिती मागितली तेव्हा त्याने ती ओळ मोकळी सोडली. कंपनीची शेवटची सूचना आली तेव्हा, बारा मार्चला, आकडा भरला. नुसत्या नोंदीसाठी असेल असं समजून.

"वर्ष एकच धरतात, सर. दोन्ही मिळून साडेतेरा लाख. पगारदाराला पावणेतेरापर्यंत कर नाही. त्याच्या वर गेलात की चार लाखांपासून मोजतात. चौऱ्याहत्तर हजार शंभर झाला. आधी सांगितलं असतंत तर थोडा थोडा कापला असता."

"पंचाहत्तर हजारच वर गेलो, आणि चौऱ्याहत्तर कापले?"

"हो. वाईट वाटतं ना बघून?"

त्याने ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली. "मग नोकरी?"

"नोकरीचं काय?"

"आहे ना?"

श्वेताने स्क्रीनवर दुसरी यादी उघडली. "एप्रिलच्या पगाराच्या यादीत तुमचं नाव आहे. मला एवढंच दिसतं." मग एप्रिलमध्ये हातात किती येतील तो आकडा तिने एका चिठ्ठीवर लिहून दिला. "आणि एप्रिलपासून पूर्ण वर्ष या पगारावर. म्हणजे दर महिना आठ हजार नऊशे पाच कर. एक लाख अठ्ठावीस धरून चालू नका."

संध्याकाळी सहाला तो आणि रंजिता जे. पी. नगरला गेले. घरमालक वादिराज तळमजल्यावरच राहायचे. त्यांच्याशी बोलणं कन्नडमध्ये झालं. नागनाथने काहीही न लपवता सगळं सांगितलं आणि म्हणाला, "अण्णा, आत्ता चाळीस देतो. साठ राहतात."

"एप्रिलला किती येईल हातात?"

खिशात चिठ्ठी होती. त्याने ती काढली नाही. "आल्यावर सांगतो."

वादिराजांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून एक किल्ली काढून बाजूला ठेवली. "हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली वापरा. दुसऱ्या खोलीला माझं कुलूप. साठ आले की किल्ली. तीसला नाही आले तर एकला घर रिकामं. सरी?"

"सरी, अण्णा," नागनाथने होकार दिला.

बाहेर आल्यावर रंजिता म्हणाली, "निम्मा पगार, निम्मं घर." ती हसली नाही.

महिनाभर कपाट, गाद्या आणि पिंपं हॉलमध्ये रचून राहिली. पाणी प्यायला उठलं तरी त्या कुलपासमोरून जावं लागे. कारखान्यात सुपरवायझरचा फोन वाजला की नागनाथचा हात गळ्यातल्या ओळखपत्राकडे जाई. एप्रिलमध्ये आणखी एक जण गेला.

तीस एप्रिलला सकाळी तो कामावर निघतानाच मोबाइल वाजला. त्याने तो रंजितापुढे धरला.

"तूच वाच."

"एक लाख एकोणीस हजार पंच्याण्णव."

त्याने चिठ्ठी काढून आकडा ताडून पाहिला. जुळला. दोघं खाली गेले. वादिराजांनी त्यांच्यासमोरच साठ हजार खात्यात आल्याची खात्री केली आणि किल्ली दिली.

खोली उघडली. आत काही नव्हतं. रंजिताने खिडकी उघडली आणि मनातल्या मनात गाद्या कुठे ठेवायच्या ते पाहू लागली.

"मेचाही एवढाच येईल न्हवं?" तिने विचारलं.

नागनाथ चिठ्ठीची घडी घालत होता.

"आला की सांगतो," तो म्हणाला.