बाळाबाईचा पहारा

या, असे जवळ सरका. टाळ जरा मांडीवर ठेवा. इस्लामपूरकडच्या एका सूतगिरणीची गोष्ट सांगतो.

पगारवाढीची बोलणी फिसकटली आणि एका सकाळी मालकानं गेटला टाळं ठोकलं. चौदा दिवस आधी नोटीस द्यायची, ती दिलीच नाही. कायद्यानं असली टाळेबंदी बेकायदेशीर. पण मालक कोर्टात म्हणाला, ‘आम्ही कुठं बंद केली? कामगारच संपावर गेले.’ तेव्हा कामगारांच्या वकिलांनी युनियनच्या चिटणिसाला, कृष्णातला, बजावलं, “रोज पहिल्या पाळीला कामावर हजर म्हणून गेटवर उभे राहा. एक दिवसही खंड नको.”

कृष्णात गावच्या सप्ताहातला विणेकरी. वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. तसाच त्यानं गेटवर पहारा लावला. तीन महिने सुरळीत चाललं.

सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी मात्र घोळ झाला. त्या दिवशीच्या पहारेकऱ्यांना वाटलं कृष्णात गेला असेल, कृष्णातला वाटलं ते गेलेत. सगळे कीर्तनात दंग. दहीकाल्याचा घास हातात असताना त्याला गेट आठवलं, तोवर पहिल्या पाळीची वेळ टळून गेली होती.

सांगलीच्या औद्योगिक न्यायालयात मालकाच्या वकिलानं नेमका तोच दिवस काढला. “त्या दिवशी गेटवर कोण होतं?”

साठ घरांच्या चुली त्या उत्तरावर. पण कृष्णातला खोटं बोलवेना. “कोन न्हाई साहेब. आमी समदे काल्याला गेलतो.”

मागच्या बाकावरनं गिरणीतल्याच झाडूवाल्या बाळाबाई उठल्या. “म्या हुते की.”

पुढं त्यांची साक्ष झाली. मग मालकाचाच वॉचमन सयाजी पिंजऱ्यात आला. मान खाली घालून म्हणाला, “बाई हुत्या दिवसभर. पाणी मीच दिलं. गेटच्या वहीत लिवू नगं म्हणून मालकानं सांगितलं हुतं मला.”

टाळेबंदी बेकायदेशीर ठरली.

बाहेर कृष्णात म्हणाला, “आवं काकू, बोलला न्हाईसा कवा?”

“इचारलंस कवा?” बुद्धविहारामागं राहणाऱ्या बाळाबाई हसल्या. “काला तुमचा. मला त्यो दिवस मोकळाच हुता. परसाद मातुर कुनी आनला न्हाई रं.”

कृष्णात तिथंच पायरीवर बसला. डोळे पुसायला त्याला टोपीच सापडली.

मंडळी, तुमच्या गावी काला वाटाल तेव्हा दारावर कोण राहिलंय ते बघा, आणि बाळाबाईंची आठवण असू द्या.