सतरा ठिगळांचा ड्रम आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी सळई आहे. उंचीने चौथीतल्या मुलाच्या खांद्याला लागेन, पण टोक अजून असे तीक्ष्ण की भलेभले दोन पावले मागे सरतात. आर्वीच्या एका लोहाराने मला प्रेमदास हवालदारांसाठी घडवले. सरकारी यादीत माझे नाव नाही. त्यांनीच मला हौसेने करवून घेतले होते.

आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून इथली दारू जमिनीखाली राहते. नाल्याकाठच्या वाळूत सडव्याचे, म्हणजे दारूसाठी आंबवलेल्या मोहाचे, ड्रम पुरलेले असत. ते शोधणे हे माझे काम. प्रेमदास मला वाळूत खुपसत. खट् वाजले तर दगड, धप्प वाजले तर ड्रम! मग ते माझ्या टोकाचा वास घेत आणि नाक मुरडून हसत. एकदा वर्तमानपत्रात साहेबांच्या फोटोत माझे अर्धे अंगही आले होते. आठवडाभर मी कोणाशी धड बोलले नाही.

गंमत अशी की शेवटच्या दोन वर्षांत ड्रम बहुतेक वेळा तोच असे, धुरपताबाईचा निळा ड्रम. मी भोक पाडायचे, सडवा वाहून जायचा, आणि महिनाभरात ती सायकलच्या ट्यूबचे ठिगळ लावून ड्रम पुन्हा पुरायची. पंचनाम्यावर सही करायला गुलाब यायचा, कारण भरदुपारी गावात मोकळा तोच सापडे. त्या ड्रमचा पहिला गिऱ्हाईकही तोच. हे प्रेमदासांना माहीत होते, मलाही माहीत होते. पंचनाम्यात मात्र तो दर वेळी 'प्रतिष्ठित नागरिक' असे.

सतरावे भोक पाडले, त्याच्या दुसऱ्या दिवशी गुलाबची एक सही राहिली म्हणून प्रेमदास त्याला शोधायला निघाले. घरी नाही, पारावर नाही. नाल्याकाठी त्यांनी माझ्या टोकाने एक झुडूप बाजूला सारले, तर आत गुलाब पडलेला. धुरपताबाईची दारू आम्ही सांडली, म्हणून त्याने आदल्या संध्याकाळी कुठल्या तरी अनोळखी माणसाची भेसळीची दारू घेतली होती. तो ओकू लागताच सोबतचे लोक केस होईल म्हणून पळाले. त्याला कोणी दवाखान्यात नेले नाही.

प्रेमदासांनी त्याला उचलून गाडीत घातले. दोन दिवस तो डोळे उघडेना आणि मी गाडीच्या टपाखाली पडून माझ्या सतराव्या भोकाचा विचार करत राहिले. मला फार वाईट वाटत होते. तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. प्रेमदासांनी विचारले, रस्ता वीस पावलांवर होता, हाक का मारली नाहीस?

गुलाब म्हणाला, "तुमचीच गाडी येताना दिसली, भाऊ. तुमच्याच भेवानं तं झुडपात घुसलो."

त्यानंतर प्रेमदास मला हातात घेत, पण खुपसत नसत.

लवकरच त्यांचा निवृत्तीचा निरोप समारंभ आला. नव्या साहेबांनी मला ठेवायला काचेची पेटी आणली होती. समोर महिला मंडळाच्या कोकिळाबाई बसल्या होत्या. नवरा दारूने गेल्यावर याच बंदीसाठी त्या उन्हातान्हात हिंडल्या होत्या. त्यांच्यासमोर मनातले बोलणे सोपे नव्हते. प्रेमदास मला हातात घेऊन उभे राहिले.

ते म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं हे सळई खुपसली मी. दारू गेली नाई, जमिनीखाली गेली. आन तिच्यासंगं आपले माणसंबी लपून बसले. आता हे बंदी उठवा, असं मले वाटते."

साहेब पेटीकडे पाहत राहिले. कोकिळाबाई उठल्या.

"मंग आमच्या बायाईनं कोनाच्या तोंडाकडे पाहाव?"

"दारू उजेडात असली तं तिच्यावर नजर ठेवता येते, बाई. आन ज्याले सोडाची हाय, त्याले ठाणं नाई, दवाखाना जवळ पायजे."

"बंदीचं मले पटलं नाई," त्या म्हणाल्या. "दवाखान्याचं पटलं. माह्या घराजवळची खोली रिकामी हाय. उद्या या."

पेटी रिकामीच राहिली, मित्रांनो! प्रेमदास मला घरी घेऊन गेले.

बंदी अजून आहे आणि त्या दोघांचे भांडणही. पण त्या खोलीत दर गुरुवारी डॉक्टर येतात आणि प्रेमदास मला घेऊन रोज तिथे बसतात. अंगणात माझ्या टोकाने खड्डे करून गुलाबने शेवगा लावला आहे. मागच्या आठवड्यात धुरपताबाई झाडांच्या पाण्यासाठी आपला निळा ड्रम घेऊन आली. सतरा ठिगळे मी एकेक ओळखली. एकही गळत नव्हते.

माझी एवढीच विनंती आहे. मला गंज चढू देऊ नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. आणि कोणी झुडपात लपलेला दिसला, तर तो कोणाला भ्याला हे आधी विचारा. काल गुलाबला पुन्हा पिण्याची तलफ आली होती. खोलीच्या फाटकाशी पोलिसांची गाडी उभी होती, तरी तो तिच्या शेजारून सरळ आत आला आणि त्याने प्रेमदासांना हाक मारली.