कंबरेचं सोंग

वेदिकानं कवळाचा, तोडलेल्या डहाळ्यांचा, भारा वाटेतच टाकला, तशी आनंदीबाईच्या कपाळाची शीर तडतडली. होळी तोंडावर आलेली, भाताची रोपं करायची तरव्याची जमीन भाजायची राहिलेली, आणि सून कंबर धरून दगडावर बसलेली.

"काय झाला?"

"चमक मारत्ये, आये. सरळ व्हता येत नाय."

"खायला आधी, निजायला मधी न् कामाला कधीमधी," आनंदीबाई म्हणाली. "तुज्या वयाला मी ओली बाळंतीण भात झोडीत हुते."

वेदिका कंबर दाबत उठली. तिच्या गप्प बसण्याचाच आनंदीबाईला संशय येई. मुलगा रितेश मुंबईला. हिलाही तिकडंच पळायचं असणार, म्हणून हे कंबरेचं सोंग. त्यात दारात नळ असताना ही रोज उन्हं कलली की कळशी घेऊन वरच्या कातळमाळावर, सड्यावरच्या झऱ्याकडं जायची. झऱ्याचंच पाणी गोड लागतं म्हणे. तिथं मोबाइलला रेंज मिळते, हे आनंदीबाईला ठाऊक होतं.

दुपारी सरकारी दवाखान्याची आशाताई, योगिनी, वही घेऊन ओट्यावर येऊन टेकली.

"काकी, देशात किती माणसांची कंबर दुखते ते बघतायत. तुमच्यात कुणाची?"

"सरकारला कशाला गो आमची कंबार? धडधाकट नाय म्हणून उद्या कायतरी बंद कराल."

"कोण काय बंद करीत नाय."

"मंग कुणाची दुखत पन नाय."

आत चुलीपाशी वेदिका होती. तिनं ऐकलं, पण बाहेर आली नाही.

"सकाळपासून हेच ऐकत्येय," योगिनी उठत म्हणाली. "देशात घरटी एक कंबर धरून बसल्येली म्हणतात, न् आपली वाडी तेवढी ठणठणीत."

ती वळली तेव्हा आनंदीबाई खांबाला धरून उठत होती. तिनं पटकन हात काढला. योगिनीनं बघितलं की काय, कोण जाणे.

उन्हं कलली. वेदिका कळशी घेऊन निघाली. आज आनंदीबाई तिच्या मागं गेली, पायातल्या वहाणा हातात घेऊन. सडा चढून ती करवंदीच्या जाळीआड थांबली आणि बघतच राहिली.

तापल्या कातळावर वाडीतल्या बायका उताण्या पडल्या होत्या. गुडघे वर, तोंडावर पदर, पाठी दगडाला चिकटलेल्या. कडेला वेदिका, उशाशी रिकामी कळशी. आणि मधोमध आनंदीबाईची थोरली जाऊ गंगा, जी भारा उचलताना कुणी कण्हलं की हसायची.

गंगानं पदर बाजूला केला.

"कोन, आनंदी? ये, पड. दगड अजून ऊन हाय."

"तुजी दुखते?"

"तुजी नाय दुखत?"

आनंदीबाईचा हात आपोआप कंबरेवर गेला. पहिल्या बाळंतपणानंतर तिनं एकदाच तोंड उघडलं होतं. सासू चार बायकांत म्हणाली होती, खायला आधी, निजायला मधी न् कामाला कधीमधी. त्यानंतर ती कधी बोलली नाही. आणि आज सकाळी तेच शब्द आपल्याच तोंडून निघाले.

वेदिका घाबरून उठू लागली. आनंदीबाईनं तिचा खांदा दाबला आणि हळूहळू तिच्या शेजारी पडली. कातळाची ऊब पाठीत शिरली. आनंदीबाईच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. तिनं ते पुसलं नाही.

सांजेला आनंदीबाईचा नवरा केरू ओट्यावर दोर वळत बसला होता. दोघींना बरोबर येताना बघून त्यानं मान वर केली.

"उद्याचा भारा?"

"उद्या मी नाय, ही पन नाय," आनंदीबाई म्हणाली. "माजी कंबार दुखते."

केरूनं बायकोकडं बघितलं, मग सुनेकडं. "हिनं शिकवलान काय?"

"हिच्या जल्माआधीपासून दुखते."

त्यानं दोराचा पीळ घट्ट केला. मग उठायला गेला, अर्ध्यात थांबला आणि परत बसला.

"सगळ्यांचीच दुखते," तो खाली बघत म्हणाला. "ता काय सांगायचा असता?"

"तुमची कदीपासून?" आनंदीबाईनं विचारलं.

केरूनं दोर बाजूला ठेवला. वेदिका आत गेली आणि तिनं तेल तापत ठेवलं, तिघांना पुरेल एवढं.