तड्यावरची पट्टी

बयूमी गिलाव्याचा कारागीर. अलेक्झांड्रियाच्या कर्मूझ भागातल्या निम्म्या जिन्यांना त्याचा हात लागलेला. पण गेले आठ महिने त्याने थापी धरली नव्हती. आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको सनिय्या कपडे वाळत घालायला सज्जात गेली आणि सज्जा तिच्यासकट तिसऱ्या मजल्यावरून खाली आला. आतल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या. वरून मात्र गिलावा गुळगुळीत होता, कारण तो बयूमीनेच केला होता. त्याआधी तिथे एक बारीक तडा दिसला होता आणि त्याने तो बुजवून टाकला होता. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग पालिकेचा कागद आला. सहा आठवड्यांत इमारत रिकामी करा, शेवटच्या गुरुवारी दाराला सील लागेल. घरात बयूमी, त्याची मुलगी इन्साफ आणि तिच्या दोन मुली. जावई जहाजावर, तो चार महिने यायचा नव्हता. पाच आठवड्यांत त्यांनी आठ घरं पाहिली आणि आठही बयूमीने नाकारली.

त्याची घर पाहायची रीतच वेगळी होती. स्वयंपाकघर, खिडक्या, नळ यांकडे तो बघायचाच नाही. आधी जिन्याखाली जायचा, भिंतीवर बोटाचं पेर वाजवून ऐकायचा. मग नखाने गिलावा खरवडून जिभेवर ठेवायचा. खारट लागला की वाळू समुद्राची, आणि समुद्राची वाळू सळ्या खाते.

"उस्ता, घर भाड्याने घ्यायचंय की खायचंय?" दलाल शहाता एकदा वैतागून म्हणाला होता. कारागिराला तिकडे उस्ताच म्हणतात.

नववं घर चौथ्या मजल्यावर होतं. गिलावा खारट लागला नाही. खोल्यांत दुपारचं ऊन यायचं, मुलींची शाळा दोन गल्ल्यांवर होती. इन्साफने स्वयंपाकघरात उभं राहून चूल कुठे ठेवायची तेही ठरवून टाकलं. तेवढ्यात बयूमीने आतल्या खोलीतलं कपाट ओढलं. मागे चौकटीच्या कोपऱ्यातून वर तिरका गेलेला तडा होता.

शहाता म्हणाला, असे तडे प्रत्येक घरात असतात, गिलावा आकसतो. बयूमीने वाद घातला नाही. पेल्यात सोबत आणलेलं थोडं जिप्सम कालवलं, तड्यावर आडवी हातभर पट्टी ओढली आणि पेन्सिलीने तिच्यावर तारीख घातली. या शहरात ही पट्टी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. जिप्सम ताणलं जात नाही. भिंत केसभर जरी सरकली तरी ते तुटतं. पट्टी अखंड राहिली तर तडा जुना आहे, भिंत स्थिर आहे. तो रविवार होता. बुधवारी येऊन बघायचं ठरलं. किल्ली दारवान ओबैदकडे राहिली.

 ते तीन दिवस इन्साफ चादरी बांधत होती, भांडी कागदात गुंडाळत होती. तो मात्र एका भिंतीजवळ बसून राहायचा आणि ट्राम गेली की तिच्यावर हात ठेवायचा.

बुधवारी दुपारी तिघे वर गेले. शहाताने करारनामा लिहूनच आणला होता. कपाट सरकवलं. पट्टी अखंड होती. वर पेन्सिलीने तारीख होती, रविवारचीच. बयूमीने चौकटीला धरलं.

"तुमच्यापेक्षा भिंत धीराची निघाली," शहाता म्हणाला.

इन्साफ पट्टी बघायला पुढे आली नाही. ती खिडकीशी उभी होती. बयूमीने पेन घेतलं आणि जाता जाता, नुसत्या सवयीने, पालथा हात पट्टीला लावला. पट्टी गार होती. एवढं जिप्सम दीड दिवसात कोरडं ठणठणीत व्हायला हवं. त्याने नख दाबलं. नख आत गेलं.

त्याने शहाताकडे पाहिलं. शहाता कंटाळून फोन बघत होता. लबाडी त्याची असती तर त्याची नजर बयूमीच्या हातावर असती. मग बयूमीने मुलीकडे पाहिलं. तिने मान वळवली नाही. शहाताला त्याने खाली थांबायला सांगितलं.

"कधी केलंस?"

"सकाळी," इन्साफ म्हणाली. "ओबैदकडून किल्ली घेतली. पट्टीला मधोमध चीर गेली होती. केसाएवढी. ती खरवडली, नवी ओढली, तारीख तीच घातली."

"तीन दिवसांत."

"हो, तीन दिवसांत. आणि उद्या गुरुवार आहे, बाबा. तुम्ही ती पाहिली असती तर हेही घर गेलं असतं. केसाएवढ्या चिरेपायी मुलींना फुटपाथवर निजवू?"

बयूमीने पेनाचं टोपण लावलं. ते नीट बसेना.

"तुझ्या आईच्या सज्जालाही केसाएवढीच होती," तो म्हणाला. "मी ती बुजवली. वरून रंग दिला."

इन्साफ खाली फरशीवर बसली.  तिने आपल्या नखांकडे पाहिलं. त्यांत अजून पांढरं होतं. ती ते ओढणीने पुसायला लागली, पुसतच राहिली. बयूमीने तिला हात देऊन उठवलं.

ते बाहेर पडले तेव्हा समोरचं दार उघडं होतं. कणकेने भरलेल्या हातांनी एक म्हातारी उंबऱ्यात उभी होती. शहाता तिला हाज्जा तहिय्या म्हणायचा. तिने बयूमीची पांढरी बोटं पाहिली.

"पुन्हा तुटली का पट्टी?" तिने विचारलं.

 ती आपणहूनच सांगत गेली. आधीचे भाडेकरूही लावायचे. आमच्याकडे तर हिवाळ्यात पंधरा दिवसांनी तुटते, मुलगा नवी ओढतो, जिप्समचं पोतं घरातच ठेवलंय. तुम्ही आलात तर सोबत होईल. तिच्यामागे आतल्या भिंतीला टेकून एक छोटी मुलगी पाटी घेऊन बसली होती.

बयूमीने हाज्जाला सांगितलं की ही भिंत सरकते आहे. आज, आत्ता, सगळ्यांना घेऊन खाली उतरा. हाज्जाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"उतरू की," ती म्हणाली. "पण जाऊ कुठे ते सांगा, उस्ता. तुम्ही कुठे चाललात?"

 तिने चहाला आत बोलावलं. त्याचा पाय उंबऱ्यापलीकडे गेला नाही. इन्साफने त्याची बाही धरली आणि दोघे एकेक पायरी बघत खाली आले. जिन्याच्या कठड्याला कुणीच हात लावला नाही.

शहाताने करारनामा घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, उद्या दुसरं कुणी घेईल. बयूमीने त्याला भिंत सरकते आहे हे सांगितलं. पालिकेला आजच कळवणार, असंही सांगितलं. शहाता म्हणाला, कळवा, मग हेही लोक उद्या तुमच्यासारखेच फिरतील. ओबैदने किल्ली घेतली आणि वर न बघता खिळ्याला लावली.

गल्लीत आल्यावर दोघे रस्त्याच्या मधोमध चालायला लागले. दोन्ही बाजूंना डोक्यावर सज्जे होते, कपड्यांनी लदलेले. मागून गाडी भोंगा वाजवत आली. बयूमी बाजूला होऊ लागला, तर इन्साफने त्याचा दंड घट्ट धरला.

"वाजवू दे," ती म्हणाली. "कडेला जाऊ नका."